आत्याची कंटिन्यूटी

आमच्या भागात एका डायरेक्टरने तीन पिक्चर काढले. तिन्ही पिक्चरमध्ये ज्याच्या ज्याच्या अभिनयाचं नाव झालं तो माणूस आमच्याकडचा होता, आणि त्यातला एकही माणूस अभिनय करत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी उगीच कलेबिलेची आशा धरू नये. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. कलेतलं मला कळत नाही, पण माणूस झोपला आहे की मेल्याचं सोंग करतो आहे, एवढं अजूनही बरोबर कळतं.

गेल्या वर्षी पुण्याहून एक शिकलेली बाई माझ्याकडे आली होती. त्या डायरेक्टरच्या पिक्चरमधल्या अभिनयावर ती पुस्तक लिहिते आहे. भली बाई होती, चहाला नाही म्हणाली नाही. तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि पहिल्या पिक्चरमधल्या ठकूबाईचं विचारलं. ठकूबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. पिक्चरमध्ये ती सडकेच्या कडेला नुसती बसून असते आणि लांब कुठेतरी बघत असते. पुण्याची बाई म्हणाली, त्या बसण्यात सगळ्या ग्रामीण बाईजातीचं वाट बघणं आहे. मी म्हटलं, बाई, ती आर्वीची एस.टी. होती. ठकूबाईला लेकीकडे बारशाला जायचं होतं आणि त्या दिवशी गाडी आलीच नाही. पिक्चरवाले सडकेच्या पलीकडून मशीन लावून दिवसभर तिला टिपत होते. त्यांच्याकडे जीप होती. तिला नेऊन सोडावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या पिक्चरमध्ये पंचायतीपुढे बोलता बोलता अडखळणारा गडी आहे. त्याच्या नजरेतल्या वेदनेवर म्हणे कोणी मोठा लेख लिहिला. त्याची बकरी कोणाच्या तरी तुरीत शिरत होती आणि याला उठता येत नव्हतं. वेदना खरीच होती म्हणा.

तिसऱ्या पिक्चरला त्यांनी आमचं घर धरलं. तळेगावपासून आत, गाडीवाटेने आमचं गाव. घर मातीचं, पुढे ओसरी, ओसरीपुढे मोठं सारवलेलं आंगण. त्या आंगणावर डायरेक्टरचा जीव जडला. गुडघ्यापर्यंत कुरता, खांद्याला झोळी, बोटात बिडी, असा माणूस. सिगारेट परवडत असताना बिडी ओढणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे जेवायला बसला की माय त्याला भाकर आणि अंबाडीची भाजी वाढायची. तो पहिला घास घेऊन डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. माय मला म्हणायची, "पोरी, पाह्य बरं, मीठ जास्त झालं काय?" नागपूरकडून आणलेलं एक जनित्र त्यांनी गोठ्याच्या मागे ठेवलं होतं. त्याच्या धडधडीने बैल रात्रंदिवस उभे राहायचे आणि म्हैस दूध चोरायला लागली. डायरेक्टर मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "इथली शांतता बघा."

"मला नट नकोत, माणसं हवीत," असं तो उठता बसता म्हणायचा. नट पैसे मागतात आणि माणसं मागत नाहीत, हे आम्हाला मागाहून कळलं. बाबांना त्याने प्रेत केलं. पिक्चरमध्ये एक शेतकरी साप चावून मरतो, ते प्रेत. आमच्या बाबांचं नाव गणपत, उभ्या जन्मात त्यांना कोणी पुढे बोलावलं नव्हतं. लग्नातही आहेराच्या वेळी त्यांचं नाव शेवटी पुकारलं जायचं. ते हरखून गेले. जेवण झालं की ओसरीत सतरंजीवर आडवे व्हायचे आणि मरायचे. डोळे कसे मिटायचे, तोंड उघडं ठेवायचं की बंद, यावर ते शेजाऱ्यांचं मत घ्यायचे. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान होता. माय झाडू घेऊन यायची आणि म्हणायची, "मेलेल्या मानसानं जराक पाय उचला, झाडून घेतो." प्रेत मुकाट्याने पाय उचलायचं.

घोळ झाला तो पुढे. डायरेक्टरने ठरवलं की प्रेताची बायको म्हणून खरी बायकोच घ्यायची. तिरडी निघाली की आंगणात बसून बाई बांगड्या फोडते, असा तो भाग होता. त्याने मायला ओसरीत बसवून समजावलं. माय ऐकत होती, हातातली तूर निवडत होती. त्याचं संपल्यावर तिने विचारलं, "खऱ्याच फोडाच्या?"

"खऱ्याच. खोट्याचं पडद्यावर लगेच कळतं, वहिनी."

"माहा नवरा तिथं बसून चहा पिऊन राह्यला. अन् मी त्याच्या नावानं बांगड्या फोडू?"

"ही कला आहे. याने काही होत नसतं."

"काही होत नसन त तुमच्या बायकोले आना. तिच्या फोडा. आम्ही पाहू," माय म्हणाली आणि तुरीचं सूप घेऊन उठली.

बाबा बशी खाली ठेवून म्हणाले, "अवं सुमन, मी सोता मराले तयार हावो अन् तुले बांगड्या जड होऊन राह्यल्या?"

"तुम्ही मरा. खुशाल मरा. मी फोडत नाई."

दोन दिवस हेच चाललं. डायरेक्टर मायला पटवायचा, बाबा मायवर चिडायचे, आणि आंगणात बांधून ठेवलेल्या तिरडीवर कोंबड्या बसायच्या. शेवटी चुलीपुढून आवाज आला, "मी फोडतो."

ती यशोदा आत्या होती. बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे होती. निंदायला सगळ्यांच्या आधी, जेवायला सगळ्यांच्या शेवटी. हात ओकेबोके. संक्रांतीला बायका आमच्या घरी वाण घ्यायला आल्या की ती आपणहून गोठ्यात जायची आणि शेण काढत बसायची. बोलणं कमी, पण जे बोलायची ते असं की समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावं वाटू नये. ती चुलीतलं लाकूड ओढत म्हणाली, "माह्या एकदा फुटल्याच हायेत. आनखी एकदा फोडल्यानं कोन मरते आता?"

डायरेक्टर इतका खूश झाला की त्याने बिडी उलटी पेटवली. पण आता दुसरीच पंचाईत झाली. आत्या बायको, तर बाबा प्रेत कसे? सख्खा भाऊ बहिणीचा नवरा होणार, तेही मेलेला? गावाने एका सुरात नाही म्हटलं. बाबांचं प्रेत गेलं ते गेलंच. त्यांच्या जागी पिक्चरवाल्यांचा आचारी निजवला, कारण तो परगावचा, कोणाच्याच नात्यात नव्हता. बाबांना खांदेकरी केलं. ते आचाऱ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "याले मरता येत नाई."

आणि खरंच येत नव्हतं. सकाळी तिरडी उचलली तर प्रेताला ठसका लागला. पुन्हा उचलली तर प्रेताने विचारलं की कुकरखालचा स्टो कोणी बंद केला का. बाबा खांदा देताना दर वेळी मशीनकडे वळून बघायचे आणि डायरेक्टर ओरडायचा. दुपारी एकदाची तिरडी फाटकातून बाहेर गेली. प्रेताने उतरून स्वयंपाकाला हात घातला आणि आत्याचं काम सुरू झालं.

फोडायच्या तर आधी भरायला हव्यात. तळेगावच्या बाजारातून कासारीण आणली होती. तिने आत्याचं कपाळ पाहिलं, हात पाहिला आणि टोपली बाजूला सारली. म्हणाली, "मी नाई भरत. माह्या धंद्याले दोष लागन." डायरेक्टरने तिला समजावलं, गावच्या चार बायांनी समजावलं. शेवटी माय म्हणाली, "भर व. पिक्चर हाये. दोष लागला त डायरेक्टरले लागन." तेव्हा ती बसली. आत्याचे हात निंदून निंदून रुंद झाले होते, हाडं वर आली होती. साबण लावून, बोटं दाबून, एक एक हिरवी बांगडी चढवावी लागली. आत्याने डोळे मिटून घेतले होते. सगळ्या भरून झाल्यावर ती रिवाजाप्रमाणे कासारणीच्या पाया पडली आणि कासारीण रडायला लागली. ते काही त्यांनी टिपलं नाही. मशीनवाला जेवत होता.

मायने आत्याला कुंकू लावलं आणि आंगणाच्या मधोमध बसवलं. पुढे दगड ठेवला. डायरेक्टर म्हणाला, "मी हात वर केला की फोडायच्या." मशीन खरखर सुरू झालं. त्याने हात वर केला. आत्या बांगड्यांकडे बघत होती. त्याने पुन्हा हात वर केला. आत्याने एक मनगट जरा हलवलं. बांगड्या वाजल्या. ती हसली नाही, रडली नाही. एखाद्या बाईला खूप वर्षांनी कोणी नावाने हाक मारावी आणि आवाज कुठून आला ते तिला कळू नये, तसा तिचा चेहरा झाला होता. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. मला एकाएकी वाटलं की हिने फोडू नये.

"फोडा! बाई, फोडा!"

"आत्ताच त भरल्या," आत्या म्हणाली. "जराक थांबा ना."

थांबता थांबता मशीनमधली फिल्म संपली आणि ऊन उतरलं. डायरेक्टर चरफडत म्हणाला, उद्या सकाळी घेऊ. पण सकाळी त्यांना निरोप आला की हिरॉईन नागपूरला येऊन बसली आहे आणि ती थोडेच दिवस थांबणार आहे. झालं, सगळा बोजा जीपमध्ये चढला. आत्या आंगण झाडत होती. जीपमधून वाकून डायरेक्टर म्हणाला, "आम्ही परत येतो, बाई. तोपर्यंत त्या बांगड्या काढू नका हं. कंटिन्यूटी असते. आधीच्या चित्रात जे आहे ते पुढच्या चित्रात तसंच लागतं, नाही तर लोकांना खोटं कळतं." आणि ते गेले. मागे गोठ्यात तेलाचा डाग आणि आंगणात तिरडीचे बांबू राहिले. मायने त्या बांबूंवर वालाचा वेल चढवला.

कुंकू आत्याने आदल्या संध्याकाळीच पुसलं होतं. बांगड्या मात्र ठेवल्या. बाबा म्हणाले, काढ. आत्या म्हणाली, "डायरेक्टरनं नाई म्हनलं. कंटिन्यूटी हाये." गावच्या म्हाताऱ्या चौकशीला आल्या, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. आता डायरेक्टर म्हणजे शिकलेला माणूस, जीपवाला. त्याने सांगितलं तर त्याला काहीतरी नेम असणार, असं म्हाताऱ्यांनी आपसात ठरवलं. एकीने तर हापशीवर विचारलं, "काय व यशोदे, कंटिन्यूटीले उपास धरा लागते काय?"

"नाई," आत्या म्हणाली. "फक्त बांगड्या."

अशी आमच्या गावात कंटिन्यूटी सुरू झाली. कोणी परगावचं आलं आणि आत्याच्या हाताकडे बघून चपापलं, की गावच्या बायाच दबक्या आवाजात सांगायच्या, तिची कंटिन्यूटी चालू हाये. ज्या बायांनी तिच्या कोऱ्या हातांकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याच आता तिच्या बांगड्यांची राखण करायला लागल्या. निंदताना एक बांगडी फुटली तर आत्या बाजारात जाऊन तशीच हिरवी, तेवढ्याच जाडीची घेऊन यायची. म्हणायची, साहेबानं मोजल्या असतील. पहाटे ती भाकरी थापायला बसली की परातीवर बांगड्या वाजायच्या. आमच्या घरात तोवर ती आहे की नाही हे कळायचंच नाही. आता झोपेतही कळायला लागलं की आत्या उठली.

डायरेक्टर काही परत आला नाही. दिवाळी झाली, मला बघायला पाहुणे आले. आत्या चहा घेऊन बाहेर आली. कपाळ मोकळं आणि हात भरलेले. पाहुण्यांच्या घशात चहा अडकला. बाबांनी त्यांना कंटिन्यूटी समजावायला सुरुवात केली. जनित्रापासून सुरुवात केली, तिरडी, आचारी, साप, काही सोडलं नाही. आपण आधी प्रेत होतो हेही सांगितलं. पाहुणे घाईने उठले. ती सोयरीक जमली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मुलगा मी फटीतून पाहिला होता. पण बाबांचं डोकं फिरलं. पाहुणे फाटकाबाहेर जाताच ते म्हणाले, "बाई, आता बस झालं. पोरीचं लगन अडवून राह्यली तुही कंटिन्यूटी. ज्या दिवशी पिक्चर लागन, त्या दिवशी ह्या उतरवाच्या. माह्या गळ्याची शपथ हाये."

आत्याने उष्ट्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "लागू दे पिक्चर."

त्या दिवसापासून तिची झोप गेली. कोणी तळेगावहून आलं की ती कामात असल्यासारखं दाखवून कान द्यायची, पिक्चर लागल्याची बातमी आहे का म्हणून. नाही म्हटलं की तिची भाकर पुन्हा गोल व्हायची. सगळा गाव पिक्चरची वाट बघत होता, आपापलं तोंड पडद्यावर पाहायला. एकटी आत्या देवापुढे बसून तो डब्यातच सडो म्हणत असणार. तसं तिने मला कधी सांगितलं नाही, पण ती एकाएकी देवाला जास्त नमस्कार करायला लागली होती.

पिक्चर लागला. तळेगावच्या बाजाराच्या मैदानात तंबूतल्या टॉकीजमध्ये, पहिल्या खेळाला, आम्ही सगळे बैलगाड्या जुंपून गेलो. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मध्ये दोरी. बाबा मुद्दाम दोरीला लागून बसले, आत्याच्या बाजूला. पिक्चर दाखवायचं मशीन आमच्या मागे होतं. हिरॉईन शहरातून आलेली डॉक्टरीण झाली होती आणि अर्धा पिक्चर तिने आमच्या बांधावरून नुसतं चालण्यात घालवला. मग तिरडी निघाली. बाबा सरसावून बसले. तिरडी आली, आचारी आला, गेला. बाबांचा उजवा कान आला आणि गेला. बस. बाबा बाजूच्याला म्हणाले, "हा मीच." तो म्हणाला, "कोन्ता?" बाबा म्हणाले, "कान." 

मग आत्या आली. अख्खा पडदाभर तिचा चेहरा.  तो तोच चेहरा होता, बांगड्या पहिल्यांदा वाजल्यावरचा. आणि त्याच्या मागोमाग पडद्यावर दोन हात आले आणि त्यांनी दगडावर हिरव्या बांगड्या फोडल्या. काचा उडाल्या. बाया हुंदके द्यायला लागल्या. मी आत्याचे हात बघितले. मांडीवर होते, भरलेले. पडद्यावरचे हात निमुळते होते, गोरे, नखं वाढवलेली, त्या हातांनी कधी तणाचं एक मूळ उपटलं नसेल. कोणाच्या तरी मुंबईतल्या हातांनी आमच्या आत्याच्या बांगड्या फोडल्या होत्या. पुण्याची बाई मला म्हणाली होती, चेहऱ्यापेक्षाही त्या हातांचा अभिनय काळीज चिरणारा आहे, त्या थरथरीत उभ्या आयुष्याचं दुःख आहे. मी म्हटलं, असेल, नखांचा रंग खरवडून काढायला त्रास झाला असेल.

बाबा दोरीवरून वाकले. "झालं बाई. पिक्चर लागला. तुह्या फुटल्याबी. आता घरी गेल्यावर उतरव."

"माह्या नाई फुटल्या," आत्या म्हणाली.

"साऱ्या तंबूनं पाह्यल्या ना."

"त्या कोनाच्या हायेत मले मालूम नाई." आणि ती उभी राहिली. तिला बसवायला बाबांनी पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला. दोन्ही हात वर केले. मागून मशीनचा झोत तिच्यावर आला आणि पडद्यावर, त्या गोऱ्या हातांवर, फुटलेल्या काचांवर, आत्याच्या हातांची मोठी काळी सावली पडली. बांगड्यांची कडीसुद्धा दिसत होती. "पाह्यून घे गणप्या. पयल्यांदा ह्या माह्या बापानं भरल्या होत्या, मी पाळण्यात होतो तवा. नवऱ्यानं नवत्या आनल्या. मंग त्याच्यासंग ह्या काऊन गेल्या? मले त कोनी इचारलंबी नाई तवा."

तंबूत कालवा झाला. पुरुष ओरडले, बाया मागे वळल्या. आमची माय जागची उठून आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, म्हणजे आता दोन सावल्या झाल्या. मशीनवाला तिकडून ओरडला, "ओ भाऊ! त्या बायायले खाली बसवा! पडद्यावर सावली पडून राह्यली!"

बाबांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांचा कान यायची आता काही आशा नव्हती.

"पडू दे," ते म्हणाले.

ते बहिणीसाठी म्हणाले की कानासाठी, हे मी कधी विचारलं नाही. बांगड्या राहिल्या.